बॅरिस्टरीचें चीज

रावेतशेजारीं देहूरोड येथें २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची स्थापना केली, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. घटनेचे शिल्पकार म्हणूनहि सर्व त्यांस ओळखतात. परंतु बॅरिस्टर आंबेडकर कितीजणांस ठाऊक आहेत?

१९१६ सालीं ते लंडनच्या ग्रेज इनमध्यें दाखल झाले. शिष्यवृत्ति संपल्यानें अभ्यास अर्धा टाकून परतले. पुन्हां विलायतेस जाऊन तो त्यांनीं पुरा केला व १९२३ सालीं मुंबईंत वकिली मांडली. अस्पृश्य बॅरिस्टराकडे बडे अशील कोठून येणार? प्रपंचासाठीं त्यांनीं बाटलीबॉय यांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविला.

तरीहि लोकरोषास भिऊन त्यांनीं अशील टाळले नाहींत. १९३४ सालीं कामविषयक प्रश्नांचीं उत्तरें छापणाऱ्या र. धों. कर्वे यांची बाजू त्यांनीं मांडली. खटला हरला, पण माघार घेतली नाहीं.

महाडचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. नगरपालिकेचा ठराव अनुकूल असूनहि चवदार तळें अस्पृश्यांस बंदच होतें. २० मार्च १९२७ रोजीं तेथील पाणी प्राशन केल्यावर सवर्णांनीं दिवाणी दावा लाविला. हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजीं. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें!

ठराव कागदावर असून भागत नाहीं. तो न्यायासनापुढें चिकाटीनें लढविणारा लागतो. ज्यांचीं मुलें कायदा शिकत आहेत त्या गृहस्थांनीं त्यांस एवढेंच विचारावें: बाळ, तुझी सनद कोणाच्या कामीं येणार?