सहलीचे ठिकाण ठरविताना आधी पाणी पाहा

मार्चअखेरच्या हिशेबांची धांदल सुरू होण्यापूर्वी कारागिरांना घेऊन एक रात्र डोंगरात काढावी, असा बेत अनेक व्यापारी बांधव आखतात. ठिकाण मात्र नुसत्या नावावर ठरते आणि तिथेच फसगत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीतील बहुतेक ओढे आटतात, दुपारचे ऊन भाजून काढते. माल उचलताना आपण भाव आणि पुरवठा दोन्ही पाहतो; इथे पुरवठा म्हणजे पाणी.

अकोले तालुक्यातील कळसूबाई (१६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढ खडा, वाटेत लोखंडी शिड्या, सावली कमी. धडधाकट तरुणांनी पहाटे चढून उन्हाआधी उतरावे. मुले, वडीलधारी सोबत असतील तर जवळच भंडारदरा जलाशयाकाठी मुक्काम करावा.

नवख्यांना राजमाची बरी. लोणावळ्याहून वाट लांब, पण चढ बेताचा. पायथ्याच्या उधेवाडीत वस्ती आहे, जेवण मिळते, जवळ तलाव आहे.

कुठेही जा, माणशी तीन-चार लिटर पाणी सोबत ठेवा. वाळल्या गवतात शेकोटी पेटवू नका. जेवण, तंबू गावकऱ्यांकडूनच घ्या. त्यांचाही तो हंगामी धंदाच आहे.