टाचेतले थेंब आणि नोंदवहीतली ओळ

एचआयव्ही असलेल्या आईच्या तान्ह्या बाळाची नेहमीची रक्तचाचणी केली, तर ती बहुधा 'पॉझिटिव्ह'च येते. बाळाला संसर्ग नसला तरीही. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, आणि आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरलेली असतात. ती पुरती ओसरायला 18 महिनेही लागतात. रक्त बाळाचं, निकाल मात्र आईचा!

तेवढं थांबणं परवडत नाही. उपचारांविना संसर्गित बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लगेच औषधं सुरू केल्यावर बाळांचे मृत्यू 76 टक्क्यांनी घटलेले दिसले.

मग विषाणूलाच गाठायचं. एचआयव्ही स्वतःची जनुकीय प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवून ठेवतो, आणि पीसीआर ही चाचणी तीच हुडकून काढते. त्यासाठी पुरतात टाचेतले चार-पाच थेंब, टीपकागदासारख्या जाड कार्डावरच्या वर्तुळांत वाळवलेले. रॉबर्ट गथ्री यांनी 1960च्या दशकात अमेरिकेत नवजात बाळांच्या तपासणीसाठी रुजवलेली ही युक्ती. बर्फाची पेटी नको, बाटली नको. वाळलेलं रक्त पाकिटातून दूरच्या प्रयोगशाळेत पोचतं! भारतात 2010पासून असे नमुने घेतले जातात, सहाव्या आठवड्यात, म्हणजे दीड महिन्याच्या लसींच्या सुमारास.

कार्ड मात्र भारी नखरेल. वर्तुळाला बोट लागलं, थेंबावर थेंब पडला किंवा पावसाळी हवेत पुरतं न वाळताच पाकिटात गेलं, की नमुना बाद होऊ शकतो. बाळाला पुन्हा टोचा.

त्याहून अवघड, मला वाटतं, नोंद. बारसं व्हायचं असतं, त्यामुळे कागदावर फक्त 'अमकीचं बाळ'. आईची नोंद सासरच्या तालुक्यात, बाळंतपण माहेरी, आणि निकाल येईतो कुटुंब कदाचित ऊसतोडीच्या फडावर. आईचा आणि बाळाचा क्रमांक एकमेकांशी जोडलेला नसेल, तर अचूक निकालही फायलीत पडून राहतो. पीसीआर विषाणूच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढते, पण बाळ कुठल्या गावी आहे ते तिला ठाऊक नसतं.

शिवाय सहाव्या आठवड्याचा 'निगेटिव्ह' शेवटचा नव्हे. अंगावरचं दूध चालू आहे तोवर धोका असतो, म्हणून सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात पुन्हा तपासतात. अठराव्या महिन्याचा रकाना रिकामा असेल, तर त्या बाळाची तपासणी अपुरीच आहे.