जन्म येथला, नागरिकत्व कोठले?

दिवाळी सरून थंडीचा कडाका वाढू लागला, म्हणजे नागपुरासारख्या शहरांत रस्त्याच्या कडेस लोकरी कपड्यांची दुकाने ओळीने मांडलेली दिसतात. जऊळक्यास गाडीत बसून अकोल्यास व तेथून पुढे नागपुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी अशा दुकानांतून स्वेटर, शाल किंवा कानटोपी घेतली असेल. विकणारी माणसे चेहऱ्यामोहऱ्याने डोंगराळ मुलुखाची दिसतात. म्हणून गिऱ्हाईक त्यांस ‘नेपाळी’ म्हणून मोकळे होते. वस्तुतः ते बहुतेक तिबेटी असतात, आणि त्यांचा मालही हिमालयातून नव्हे तर बहुधा लुधियानाहून आलेला असतो! त्यांच्यातील तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी तिबेट डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. त्यांचा जन्म भारतात झाला. काहींचा तर आपल्या विदर्भातच. तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यातील बहुसंख्य परदेशी होत. हे कसे घडले, आणि त्याविषयी वाद कोणता चालला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथे चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला व तो मोडला गेला. दलाई लामा त्याच महिन्याच्या अखेरीस भारताच्या हद्दीत आले, आणि त्यांच्यामागून हजारो कुटुंबे बर्फाचे घाट ओलांडून आली. भारत सरकारने त्यांस आश्रय दिला. निरनिराळ्या प्रांतांत जमिनी देऊन त्यांच्या वसाहती वसविल्या, मुलांसाठी शाळा काढल्या. आपल्या महाराष्ट्रातील वसाहत नोर्ग्येलिंग ही होय. ती १९७२ साली त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगाव येथे वसली. १९९९ पासून तो भाग गोंदिया जिल्ह्यात मोडतो. याकाच्या लोकरीत वाढलेली ती माणसे धानाच्या बांध्यांत येऊन उतरली! ज्या वैशाखात येथेच जन्मलेल्या आम्हा लोकांचा जीव कासावीस होतो, तो त्यांनी कसा सोसला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. शेतीवर भागेना, तेव्हा हिवाळ्यात गावोगाव लोकरी कपडे विकण्याचा धंदा त्यांनी धरला, व तो अद्याप चालू आहे.

आता कायद्याकडे वळू. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर भारताने सही केलेली नाही. आणि निर्वासित असा निराळा वर्ग आपल्या कायद्यातही नाही. कायद्यास माणसे दोनच प्रकारची ठाऊक आहेत, नागरिक आणि परकीय. म्हणून तिबेटी मनुष्य प्रथम १९४६ च्या परकीयांसंबंधीच्या कायद्याखाली आला, व २०२५ साली त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला तेव्हा त्याखाली. तो वयात आला म्हणजे त्यास नोंदणीचा एक दाखला मिळतो, आणि ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. परदेशी जावयाचे झाल्यास पारपत्र मिळत नाही. त्याऐवजी पिवळ्या वेष्टनाचे ओळखपत्र मिळते, आणि ते पाहून परक्या विमानतळावरील अधिकारी बुचकळ्यात पडतात. तात्पर्य, कागद नाही असे नव्हे. कागद आहे, पण तो हक्काचा नसून परवानगीचा आहे.

सरकारी नोकरीची गोष्ट तर मोठी मासलेवाईक आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या जाहिरातीत तिबेटी निर्वासितांस काही नोकऱ्यांपुरती सवलत ठेवलेली असते. मात्र उमेदवार १ जानेवारी १९६२ पूर्वी भारतात आलेला असला पाहिजे. त्या तारखेपूर्वी आलेले तान्हे मूल आज साठी उलटून गेले आहे! सवलत आजोबांस आणि परीक्षेचे वय नातवाचे, असा हा प्रकार.

परंतु येथे जन्मलेला मनुष्य येथला नागरिक कसा नाही, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर तीन तारखांत आहे. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो, एखाद्या परराष्ट्राच्या वकिलाचे मूल वगैरे थोडे अपवाद सोडता, आईबाप कोणीही असोत, जन्मानेच भारताचा नागरिक. १ जुलै १९८७ पासून पुढे जन्मलेल्याच्या बाबतीत आईबापांपैकी एक तरी नागरिक असला पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघेही नागरिक पाहिजेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसला पाहिजे. अशी कल्पना करा की, गोठणगावी एका घरी दोन भावंडे आहेत. थोरला १९८५ सालचा, धाकटी १९८९ सालची. अंगण एक, शाळा एक, आईबाप एक. तरी थोरला भारतीय आणि धाकटी परदेशी!

हा बदल कोणी तिबेटी लोकांवर रोष धरून केला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९७९ पासून सहा वर्षे आसामात परकीयांच्या प्रश्नावर मोठे आंदोलन झाले, १९८५ साली त्याविषयी करार झाला, आणि त्याच पार्श्वभूमीवर कायदा कडक करण्यात आला. जाळे पूर्वेकडील सरहद्दीसाठी विणले. त्यात उत्तरेकडून आलेल्यांची मुलेही सापडली.

तारखेवर इतके अवलंबून असेल, तर ती तारीख खरी कशावरून? आमच्या पालकवर्गास हा प्रश्न नवीन वाटणार नाही. आपल्या खेड्यांतील कित्येक थोर मंडळींचा जन्म शाळेच्या पटावर १ जूनला झालेला असतो, कारण गुरुजींनी नाव घालतेवेळी सोयीचा दिवस लिहून टाकला! तेन्झिन त्सुंद्यू या तिबेटी लेखकाचे शिक्षण काही काळ मुंबईस झाले आहे. रस्त्याचे काम करणाऱ्या निर्वासितांच्या तंबूत त्यांचा जन्म झाला. तारीख टिपून ठेवण्यास कोणास सवड होती? पुढे निरनिराळ्या कचेऱ्यांतून निरनिराळ्या नोंदी झाल्या, आणि त्यांच्या नावावर तीन जन्मतारखा पडल्या, असे त्यांनीच लिहिले आहे. आमच्या १ जूनने पेन्शन एखादे वर्ष अलीकडे वा पलीकडे जाते, फार तर इतकेच. तेथे एका दिवसाने देश बदलतो.

ज्यांचा जन्म १९८७ पूर्वीचा होता, त्यांसही हक्क आपोआप मिळाला नाही. नामग्याल डोलकर ही तरुणी १९८६ साली हिमाचल प्रदेशात जन्मली. तिने पारपत्रासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला; शिवाय पूर्वीच्या एका अर्जात तिने आपले राष्ट्रीयत्व ‘तिबेटी’ असे लिहिले होते. डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ती जन्मानेच नागरिक आहे, आणि फॉर्मवर एक शब्द लिहिल्याने जन्माचे नागरिकत्व सुटत नाही. पुढे २०१४ साली निवडणूक आयोगाने अशा तिबेटी लोकांची नावे मतदारयाद्यांत घेण्यास सांगितले. २०१६ साली त्याच न्यायालयाने पारपत्रांविषयी पुन्हा तसाच निकाल दिला. तो अमलात आणताना २०१७ साली सरकारने अटी घातल्या, त्यांचा आशय असा की, पारपत्र घेणाऱ्याने निर्वासितपणाचा दाखला परत करावा, वसाहतीत राहू नये, आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडावेत.

येथे खरा वाद पेटतो, आणि तो मुख्यतः त्या समाजाच्या घराघरांतला आहे. वडील माणसे म्हणतात, आपण येथे पाहुणे म्हणून आलो, देश परत मिळवावयाचा म्हणून आलो. सर्वांनी भारतीय व्हावयाचे ठरविले, तर तिबेटचा प्रश्न जगापुढे मांडणार कोण? मुले म्हणतात, आम्हांस बँकेचे कर्ज पाहिजे, नोकरी पाहिजे, जमीन नावावर पाहिजे. हातात भारताचे पारपत्र असले म्हणून मनातला तिबेट पुसला जात नाही. धरमशाला येथील त्यांच्या प्रशासनाने हा निर्णय ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला आहे.

सरकारची बाजूही पोकळ नाही. आपली सरहद्द लांब, शेजारी अनेक, आणि आत येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या मोठी. नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळू लागले तर आवर घालणे कठीण, ही भीती खोटी म्हणता येत नाही. तथापि आमच्या अल्पमतीस असे वाटते की, ही भीती गोठणगावास लागू पडत नाही. ही वसाहत सरकारनेच वसविली. तेथील प्रौढ माणसांची नावे सरकारच्या दप्तरात आहेत. ज्यांस आपण स्वतः बोलावून जागा दिली, त्यांच्या नातवंडांस अज्ञात घुसखोरांच्या मापाने मोजावे काय? आणि नागरिक झाला म्हणून मनुष्यास आईबापांच्या घरातून उठविण्याची अट तर आम्हांस मुळीच पटत नाही. एका हाताने देश द्यावयाचा आणि दुसऱ्याने घर काढून घ्यावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे.

असाच वाद अमेरिकेत चालू आहे, आणि तो आता आपल्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. लहानपणी आईबापांनी विनापरवाना तेथे नेलेली व तेथेच वाढलेली लक्षावधी मुले आहेत. त्यांस शाळा नाकारता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरविले. शाळा सुटली की पुढे मात्र काळोख. त्यांस कायदेशीर स्थान देणारे विधेयक २००१ साली प्रथम आले. २०१० साली ते खालच्या सभागृहात संमत होऊन वरच्या सभागृहात पाच मतांनी अडले. २०१२ साली अध्यक्ष ओबामा यांनी तूर्त हद्दपार न करण्याची योजना काढली, व सुमारे आठ लाख तरुणांनी तिचा लाभ घेतला. परंतु ती तहकुबी आहे, नागरिकत्व नव्हे. आणि जे आपले मराठी अभियंते रीतसर परवान्यावर तेथे गेले, त्यांच्या मुलांची अडचण निराळीच. कायम वास्तव्याच्या परवान्यात प्रत्येक देशास सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग फार लांबते. ती सरण्यापूर्वी मूल एकवीस वर्षांचे झाले, तर आईबापांच्या परवान्याचे त्याचे छत्र उडते. चौथ्या वर्षी तेथे गेलेल्या, मराठी मोडकेतोडके बोलणाऱ्या त्या मुलास ‘आपल्या देशी’ परत जा, असे सांगण्यात येते. ते ऐकून आमच्यातील आजीआजोबांचा जीव तळमळतो. स्वेटर विकणाऱ्या तरुणाविषयी तो तळमळत नाही, कारण त्याची गोष्ट आपण कधी विचारलेली नसते.

होळीच्या सुमारास थंडी ओसरते व ती दुकाने उठतात. उरलेला माल बोचक्यांत बांधून मंडळी आपापल्या वसाहतीस परततात. कोणी धानाच्या शेताकडे पाहतो, कोणी पुढील हंगामाच्या उधारीचा हिशेब करतो, आणि ज्याच्या दाखल्याची मुदत संपत आलेली असते, तो तिचे नूतनीकरण करून घेण्यास जिल्ह्याच्या कचेरीत जातो.