शिलाई यंत्राचा ताण : दोष ओळखा, यंत्र चालते ठेवा

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी व कसारा या स्थानकांदरम्यान उंबरमाळी आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अशा गावांत शिलाई यंत्र हे महिलांच्या पूरक उत्पन्नाचे साधन होय. मात्र टीप बिघडली की ते कापडाखाली झाकून ठेवले जाते. कारागिरासाठी तालुक्याचे गाव गाठावयाचे, तर दिवसाची मजुरी बुडते. वस्तुतः असे पुष्कळ बिघाड हे यंत्राचे नसून दोऱ्याच्या ताणाचे असतात व ते घरीच दूर करता येतात.

टीप कशी पडते?

सुईतील वरचा दोरा व बॉबिनमधील खालचा दोरा एकमेकांत अडकून टाका तयार होतो. दोन्ही ताण सारखे असल्यास ही गाठ कापडाच्या जाडीत दडते व दोन्ही बाजूंस टीप सारखी दिसते. खालच्या बाजूस दोऱ्याची वेटोळी दिसली, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या सैलपणात असतो. अनेकजणी नेमकी येथेच बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळतात व बिघाड वाढवितात. उलट, खालचा दोरा वर ओढलेला दिसल्यास वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी समजावा. दोन्ही ताण जास्त असल्यास कापडास चुण्या पडतात व दोरा तुटतो.

उपायांचा क्रम

प्रथम कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा नव्याने ओवावा. पाय खाली असता ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात व दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही. नंतर सुई तपासावी. वाकडी किंवा बोथट सुई बदलावी. मध्यम सुती कापडास १४ व जाड कापडास १६ क्रमांकाची सुई योग्य ठरते. चकत्या, बॉबिनची डबी व दात्यांखालील जागा येथील कचरा ब्रशने काढावा. पावसाळी दमट हवेत चकत्यांवर गंज चढतो, तोही पुसावा.

एवढ्यानेही टीप न सुधारल्यास पाय खाली ठेवून वरच्या ताणाची फिरकी थोडी थोडी फिरवावी. उजवीकडे ताण वाढतो, डावीकडे कमी होतो. दर वेळी चिंधीवर टीप मारून पाहावी. वर व खाली निरनिराळ्या रंगांचे दोरे घेतल्यास दोष चटकन कळतो. बॉबिनच्या डबीचा स्क्रू सर्वांत शेवटी व पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावा. दोऱ्याने लोंबती धरलेली डबी स्थिर राहावी व हलका झटका देताच किंचित खाली उतरावी, हा योग्य ताण होय.

यंत्राबरोबर ज्ञानही

२०२४-२५ मध्ये शासकीय शाळांच्या गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपविण्यात आली होती. २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. गणवेशाची शिवण महिन्याभरात उसवली, तर पुढील काम गावाबाहेर जाते. दि. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून प्रशिक्षण व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. यंत्रवाटप करताना ग्रामपंचायतींनी ताण जुळविण्याचे तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. सोबत ब्रश, पेचकस, तेल व सुया द्याव्यात. एवढ्या अल्प खर्चात दिलेले यंत्र चालते राहील.