दुचाकीस्वाराचा हक्क कोणता?

होळी सरते, पळस फुलतो, मुलांच्या परीक्षा आटोपतात आणि आपल्याकडे रस्त्यांवर मोटारसायकलींची गर्दी वाढते. लग्नसराई असते, सुट्टीत गावी जायचे असते, एप्रिलमध्ये जयंतीच्या रॅली असतात. एस.टी.ची वाट कोण पाहणार, गाडी आहेच की! नवरा-बायको, मध्ये पोर, हँडलला पिशवी, अशी स्वारी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावाला निघते. कष्टकरी माणसाची मोटार म्हणजे हीच दुचाकी. गवंडी, रंगारी, वायरमन, भाजीवाला, साऱ्यांचे पोट तिच्यावर चालते. म्हणून तिच्यावर बसणाऱ्याच्या सुरक्षेचा आणि हक्काचा विचार आम्हाला कुटुंबाच्या पानावर करावासा वाटतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना मेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण? कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा धाकटा भाऊ.

आता हक्काचे बोलू. मोटारसायकलवाल्यांच्या हक्कांची चळवळ अमेरिकेत मोठी आहे. १९६६ साली तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना बजावले, हेल्मेटसक्तीचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांसाठी मिळणारा पैसा कापू. १९७५ पर्यंत कॅलिफोर्नियाचा अपवाद सोडला तर बहुतेक सर्व राज्यांनी तो केला. मग स्वारांच्या संघटना उठल्या. डोके आमचे, निर्णयही आमचाच, असे त्यांचे म्हणणे. १९७६ साली केंद्राने ती अट काढली आणि अनेक राज्यांनी कायदा सैल केला. आपल्याकडे पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले होते.

आम्हाला हा हक्क मोठा वाटत नाही. ज्या घरात कमावता एकच आहे, तिथे ‘डोके माझे’ हे वाक्य खरे नसते. त्या डोक्यावर म्हातारी आई, बायको आणि दोन शाळकरी मुले उभी असतात. मात्र दुचाकीवाल्याने विचारायलाच हवा असा दुसरा प्रश्न आहे. नाक्यावर पावती फाडताना जी तत्परता दिसते, ती खड्डा बुजवताना कुठे जाते?

हा प्रश्न मुंबईच्या एका भाजीविक्रेत्याने आपल्या हातांनी विचारला. दादाराव बिल्होरे त्यांचे नाव. २८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल गेली आणि मागे बसलेला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश दगावला. गाडी चालवणाऱ्या चुलत भावाच्या डोक्यावर हेल्मेट होते, तो वाचला. प्रकाशच्या डोक्यावर नव्हते. दादाराव रडत बसले नाहीत. बांधकामावर उरलेली वाळू-खडी गोळा करून त्यांनी रस्त्यातले खड्डे बुजवायला सुरुवात केली, आणि असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. एकाच अपघातात दोन्ही गोष्टी आहेत. रस्ता नीट हवा होता, आणि मागच्यालाही हेल्मेट हवे होते.

खड्ड्याच्या बाबतीत आता कोर्टही बोलले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. ती रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्यासही कोर्टाने सांगितले. हे आपल्या वस्तीतल्या किती जणांना ठाऊक आहे? अपघात झाला की आधी खड्ड्याचा फोटो काढून ठेवावा आणि पंचनाम्यात ‘खड्डा’ हा शब्द आल्याशिवाय सही करू नये.

कागदपत्रांकडे आपले लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ती पाच वर्षे केव्हा संपली याचा पत्ता घरात कोणाला नसतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २००६ साली म्हटले आहे. ज्याला लोक फुल इन्शुरन्स म्हणतात, त्या पॅकेज पॉलिसीत तो धरला जातो. रोज बायकोला मागे बसवून कामावर सोडणाऱ्याने चार पैसे जास्त भरून ती घ्यावी. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर १५ लाखांचे अपघात संरक्षण वेगळे असते. पॉलिसीवर ते आहे का ते वाचून पाहावे, आणि लायसन्स चालू ठेवावे, नाहीतर ते मिळत नाही.

जुनी गाडी विकताना ‘नंतर नावावर करून घे’ म्हणून चावी देणारे पुष्कळ. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की आर.सी. बुकावर ज्याचे नाव तोच मालक. गाडी विकून दोन वर्षे झाली असली तरी भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येईल.

आता या दिवसांतल्या स्वारीविषयी. साखर कारखान्यांचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळतो. रात्री उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशाने डोळे दिपतात आणि त्याच क्षणी पुढे ऊस येतो. लग्नाहून रात्री परतणाऱ्यांचे असे अपघात ग्रामीण भागातल्या प्रत्येकाने ऐकले असतील. हेडलाइट जेवढा रस्ता दाखवतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, एवढाच वेग ठेवावा. खरे तर जेवणे उशिरा झाली असतील तर पाहुण्यांच्या घरी मुक्काम करावा, त्यात कमीपणा कसला?

दुपारी दोन-तीनच्या सुमारास पोटभर जेवण आणि ऊन यांनी झापड येते. झाडाखाली अर्धा तास थांबावे. भर उन्हात डांबर मऊ होते, वळणावर चाक सरकते. अवकाळी पाऊस आला तर पहिला अर्धा तास सर्वांत घातक, कारण महिनोन् महिने साचलेली धूळ आणि तेल ओले होऊन निसरडे होते. टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासावी. ब्रेक दोन्ही एकत्र लावावेत. पुष्कळ लोक पुढचा ब्रेक भीतीने लावतच नाहीत, आणि गाडी थांबवण्याचा खरा जोर तर त्याच्यात असतो. भगिनींनी पदर आणि ओढणी खोचून बसावे, साडीगार्ड काढून टाकलेला असेल तर पुन्हा बसवून घ्यावा. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचे घ्यावे आणि त्याचा पट्टा लावावा. हातात अडकवलेले हेल्मेट कोपर वाचवते, दुसरे काही नाही! चार वर्षांखालील लेकराला केंद्राच्या नियमाप्रमाणे हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, वेग चाळीसच्या आत हवा.

दहावीची परीक्षा संपली की पोरगा गाडीची चावी मागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून अपघात झाला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. जयंतीच्या रॅलीत तिघे तिघे बसून, सीटवर उभे राहून झेंडा फडकवणारी मुले आपलीच असतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी रॅली निघण्यापूर्वीच अशा गाड्या बाजूला काढाव्यात. पोलिसांची वाट पाहू नये.

एवढे करूनही अपघात होतो. तेव्हा १०८ ला फोन करावा, ती रुग्णवाहिका फुकट असते. रस्त्यावरच्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, तसा कायदा २०१९ पासून आहे. म्हणून घाबरून पुढे जाऊ नये. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरी भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. पूर्वी हेच २५ हजार आणि साडेबारा हजार होते. त्यासाठी वकील लागत नाही. एफ.आय.आर.ची प्रत, दवाखान्याचे कागद आणि बँकेचे पासबुक घेऊन अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या तहसील कार्यालयात अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोचीचा शिक्का मारून घ्यावा.