पाण्यातला चुना आणि घरखर्चाचा हिशेब

पाणीपट्टीच्या पावतीवर पाण्याची किंमत छापलेली असते. घरी विंधणविहीर असेल तर पंपाला लागणारी वीज हीच पाण्याची किंमत, असे आपण धरून चालतो. पण पाण्याबरोबर आणखी एक वस्तू घरात येते आणि तिची पावती कोणीच देत नाही. ती वस्तू म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार. साबणाची वडी लवकर संपते, डाळ शिजायला वेळ लागतो, गीझरची कॉइल जळते. हे खर्च वेगवेगळ्या खात्यांवर पडतात, म्हणून त्यांचे मूळ एकच आहे हे लक्षात येत नाही. तो हिशेब आज आपण मांडून पाहू.

क्षार येतात कोठून?

पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. ते जमिनीत मुरते तेव्हा मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी खडकातील खनिजांवर हळूहळू क्रिया करते. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्ट या काळ्या खडकाने व्यापलेला आहे आणि त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असतात. पाणी जितका काळ खडकाच्या सहवासात राहील, तितके क्षार त्यात अधिक उतरतात. म्हणूनच खोल विंधणविहिरीचे पाणी बहुधा 'जड' असते, तर धरणात साठवलेले पावसाचे पाणी हलके असते. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी पिणाऱ्या मुंबईकराला या लेखातील तक्रारी फारशा ठाऊक नसतील. मराठवाड्यातील बोअरवर अवलंबून असणाऱ्या घराला त्या नित्याच्या आहेत.

अशा जड पाण्याला शास्त्रात दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. ज्यात सहज फेस येतो ते सुफेन. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. खारट पाणी आणि दुष्फेन पाणी एकच नव्हे. नुसते मीठ विरघळले तर भांड्यावर चुन्याचा थर बसत नाही.

दुष्फेनपणा सांगताना हे सारे क्षार जणू कॅल्शियम कार्बोनेटच आहेत असे मानून एका लिटरमागे किती मिलीग्रॅम, ते सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) हा आकडा २०० पर्यंत असावा, आणि दुसरे पाणीच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. आपण उदाहरणासाठी ३०० घेऊ.

साबणाचे खाते

साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार. दुष्फेन पाण्यात कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि त्यांचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटणारा मळकट थर तो हाच. पाण्यातील सगळे कॅल्शियम असे खर्ची पडल्याशिवाय फेस टिकत नाही.

आता गणित करू. एका लिटरमध्ये ३०० मिलीग्रॅम म्हणजे ३ मिलिमोल कॅल्शियम. त्याला साबणाचे ६ मिलिमोल लागतात. सोडियम स्टिअरेटचा रेणुभार ३०६. म्हणजे एका लिटरमागे सुमारे १.८ ग्रॅम साबण! दहा लिटर पाण्यात कपडे साबणाने धुतले तर कपड्यांचा मळ निघण्यापूर्वीच १८ ग्रॅम साबण पाण्याच्या कामी येतो. रोज एकदा धुणे असेल तर महिन्याला अर्धा किलोहून अधिक. तुमच्या घरी येणाऱ्या साबणाच्या भावाने या आकड्याला गुणून पाहा.

हेच कॅल्शियम आधी धुण्याच्या सोड्याने काढले तर? ३ मिलिमोल कॅल्शियमला ३ मिलिमोल सोडियम कार्बोनेट पुरते. दहा लिटरला निर्जल सोडा जेमतेम सव्वातीन ग्रॅम लागतो. साबणाचे १८ ग्रॅम आणि सोड्याचे सव्वातीन ग्रॅम, काम तेच. धुण्याच्या पाण्यात आधी सोडा विरघळवून, साका खाली बसू देऊन मग साबण लावण्याची जुनी रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. डिटर्जंट पावडरीचा असा साका होत नाही, पण दुष्फेन पाण्यात तीही जास्त लागते. तिच्यात सोडा मिसळलेला असतो तो याच कारणासाठी.

चुलीचे खाते

"आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही," हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. तो भ्रम नव्हे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना विरघळतो आणि डाळ मऊ होते. कॅल्शियम या पेक्टिनशी जोडले जाऊन तो सांधा पक्का करते. मग शिट्ट्या वाढतात आणि गॅस खर्च होतो. डाळ-तांदूळ शिजवण्यापुरते पावसाचे किंवा नळाचे पाणी वेगळे ठेवले तरी हा खर्च वाचतो.

बंब आणि गीझर

आता भौतिकशास्त्राकडे वळू. पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापवले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचे उलट आहे. म्हणून जेथे पाणी सर्वांत गरम, तेथेच थर बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता त्याच्या कितीतरी शेकडो पट असते.

यावरून "थर बसला की विजेचे बिल खूप वाढते" असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे का?

तांब्याचा बंब आठवा. त्याच्या मधोमध नळी असते. तीत जाळ पेटतो आणि भोवती पाणी असते. नळीवर थर बसला की उष्णतेला दुसरी वाट मोकळी असते. ती धुराबरोबर वर निघून जाते. गॅस गीझरचेही तसेच. थर पातळ असेल तर हे नुकसान लहान असते, जाड झाला की वाढत जाते.

विजेच्या गीझरची गोष्ट वेगळी. त्याची कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यात निर्माण झालेली उष्णता पाण्याखेरीज जाणार कोठे? १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे २,२०० किलोज्यूल, म्हणजे ०.६ युनिट लागते. थर असो वा नसो, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम बदलत नाही. बिलावर थराचा परिणाम फारसा दिसणार नाही.

मग नुकसान कोठे होते? उष्णता तेवढीच, पण ती थरातून ढकलण्यासाठी कॉइलला अधिक तापावे लागते. समजा, २ किलोवॉटच्या कॉइलची नळी १ मीटर लांब व ८ मिलिमीटर जाड आहे. तिच्यावर १ मिलिमीटर थर बसला, तर पाण्याच्या मानाने नळीचे तापमान आणखी सुमारे ७० अंशांनी वाढते. २ मिलिमीटर थर झाला तर सव्वाशेहून अधिक अंशांनी. (थराची वाहकता येथे १ वॉट प्रति मीटर प्रति अंश धरली आहे.) असे रोज होत राहिले की एक दिवस नळी तडकते किंवा आतील तार जळते. म्हणजे खर्च विजेच्या बिलात नाही, नव्या कॉइलच्या आणि मेकॅनिकच्या बिलात येतो.

आता उपाय सुचतो. गीझरचे तापमान ७५ अंशांवर ठेवून पुढे थंड पाणी मिसळण्यापेक्षा ते ६० च्या आसपास ठेवा; थर सावकाश बसेल. वर्षातून एकदा माहीतगाराकडून कॉइल साफ करून घ्या. किटलीतला थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने विरघळतो. तो विरघळताना येणारे बुडबुडे कार्बन डाय-ऑक्साइडचे असतात.

पैसे खर्च करण्यापूर्वी

दुष्फेन पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनपणासाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेली नाही. तेव्हा केवळ भांड्यावर पांढरे डाग पडतात म्हणून महागडे यंत्र घेण्याची घाई नको. घरगुती आरओ यंत्र क्षार काढते खरे, पण त्यासाठी बरेचसे पाणी वाया घालवते. पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू आहेत का हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेतच मिळते.

सर्वांत स्वस्त सुफेन पाणी आकाशातून येते. ५० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३०,००० लिटर पाणी होते. सगळे साठवता आले नाही, तरी धुणे आणि स्वयंपाक यांना काही महिने हातभार लागेल.

आपल्या पाण्याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. दोन सारख्या बाटल्यांत १००-१०० मिलिलिटर पाणी घ्या. एकीत पावसाचे, दुसरीत घरचे. साबणाचे (डिटर्जंटचे नव्हे) पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवा. फेस एक मिनिट टिकेपर्यंत किती थेंब लागले ते दोन्ही बाटल्यांसाठी लिहून ठेवा. ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी एकोणिसाव्या शतकात दुष्फेनपणा मोजला तो याच तत्त्वाने. दोन आकड्यांतील फरक म्हणजे तुमचे पाणी दर १०० मिलिलिटरमागे गिळून टाकत असलेला साबण. शिक्षकांनी वर्गात वेगवेगळ्या घरांचे पाणी आणवून हे आकडे फळ्यावर मांडावेत. गावातल्या कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या कामाला वापरावे, हे विद्यार्थी मग स्वतःच सांगू शकतील.