मीटर कुणाच्या हाती?

ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांच्या आणि कोकणवासीयांच्या दोन पिढ्यांनी बोरीबंदरावर वा भाऊच्या धक्क्यावर उतरल्याबरोबर जी पाहिली ती हीच काळीपिवळी गाडी. तिच्या निरोपाने हळहळ वाटणे स्वाभाविक होते, आणि त्या हळहळीला शब्दरूपही पुष्कळ मिळाले. परंतु यंत्रे जुनी होतात आणि मोडीत निघतात, हा निसर्गक्रमच आहे. पद्मिनीमागोमाग जी दुसरी गोष्ट हातची जाऊ पाहत आहे, तिची चिंता वाहणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. ती गोष्ट म्हणजे मीटर.

मोटारीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली ती लोखंडी पेटी दिसायला ओबडधोबडच होती. झेंडा खाली पडला की आकडे फिरू लागत आणि मुक्कामी पोचल्यावर ते आकडे दरपत्रकाशी ताडून भाडे काढावे लागे. २०१२ नंतर तिची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली. यंत्र बदलले तरी त्यामागचे तत्त्व तेच राहिले. भाडे प्रवाशाने ठरवायचे नाही, चालकानेही ठरवायचे नाही. ते लोकांच्या वतीने शासनाने ठरवायचे आणि दोघांनी ते पाळायचे, हे ते तत्त्व. शहरात नवखा असलेला, रात्री-अपरात्री गाडीतून उतरलेला, आजारी माणसाला घेऊन रुग्णालयाकडे धावणारा मनुष्य घासाघीस करू शकत नाही. वाण्याचे माप सरकारी शिक्क्याचे असावे लागते, तसेच टॅक्सीचे मीटरही शिक्क्याचे असावे लागते, याचे कारण हेच.

मुंबईचा टॅक्सीवाला साधुसंत होता, असे आम्ही म्हणत नाही. जवळचे भाडे नाकारणारे चालक तिथे पूर्वीही होते आणि आजही आहेत. घोड्यासारखी धावणारी मीटरेही अनेकांनी पाहिली आहेत. पण नियम मोडला गेला तर तो नियम होता, हे प्रवाशाला ठाऊक असे. गाडीला क्रमांक होता, चालकाला बिल्ला होता आणि तक्रारीला जागा होती. उलट बाजूने, इंधन महागले की टॅक्सीचालकांच्या संघटना भाडेवाढ मागत, ग्राहक संघटना तिला विरोध करीत आणि हा वाद चव्हाट्यावर होई. भाडे कसे ठरवावे याचे सूत्र सुचवणारी हकीम समिती २०१२ साली झाली. तिच्या सूत्रावर मुंबई ग्राहक पंचायतीने आक्षेप घेतले आणि २०१६ साली खटुआ समिती नेमली गेली. गाडीची किंमत, देखभाल, इंधन, चालकाच्या घरखर्चाचा भार, असे सारे हिशेब कागदावर मांडले गेले. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले, तेव्हा ही तीन रुपयांची वाढही जाहीर निर्णयाने झाली. कोणाला ती पटली नसेल, पण ती कोणी अंधारात केली नाही.

आता भ्रमणध्वनीवर बोलावल्या जाणाऱ्या टॅक्सीची गोष्ट पाहावी. गेल्या दहा-बारा वर्षांत ओला, उबर आणि तत्सम कंपन्यांनी प्रवाशाची मोठी सोय केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाडे आधी कळते, गाडी दारात येते, चालकाचे नाव समजते. मात्र ते भाडे कोणत्या हिशेबाने आले, हे प्रवाशाला कळत नाही आणि चालकालाही कळत नाही. पाऊस पडला की आकडा वाढतो, गर्दी ओसरली की उतरतो. वाढलेल्यातले चालकाच्या पदरात किती पडले, हे कंपनी जाणे. २०१९ च्या दुरुस्तीने या कंपन्या मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत आल्या. जुलै २०२५ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आणि मंदीत निम्म्यापर्यंत दर नेण्याची मुभा दिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौपटीचे अंतर! ज्या मापाला इतका ताण देता येतो, त्याला माप म्हणावे की रबर?

त्याच जुलै महिन्यात मुंबईतील अॅपवरच्या टॅक्सीचालकांनी आझाद मैदानावर आंदोलन केले. त्यांची मागणी मननीय आहे. काळ्यापिवळ्या टॅक्सीला जो दर आहे तोच आम्हाला द्या, असे ते म्हणत होते. ज्या मीटरला कालबाह्य ठरवून हा धंदा उभा राहिला, त्याच मीटरचा आसरा त्या धंद्यातल्या श्रमिकाला हवा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा दर ठरवून दिला. पण सरकारचा दर एक आणि फोनवरचा दर दुसरा, असे झाल्यावर चालक आणि प्रवासी यांची भर रस्त्यात जुंपली. दर ठरवणारे शासन आणि आकडा दाखवणारी कंपनी हे दोघेही त्या वेळी तिथे नव्हते.

नियमन म्हणजे केवळ परवाने गोठवणे, असाही एक समज आहे. त्याचे फळ न्यूयॉर्कने भोगले. तिथे १९३७ च्या कायद्याने टॅक्सींची संख्या बांधली गेली. परवान्याचे पदक हीच मालमत्ता बनली आणि २०१४ च्या सुमारास तिची किंमत दहा लाख डॉलरांवर गेली. मग अॅपच्या गाड्या आल्या, भाव कोसळला आणि कर्ज काढून पदक घेतलेले चालक देशोधडीला लागले. २०१८ साली काहींनी आत्महत्या केल्या. संख्या बांधणारे शासन सावकारीकडे डोळेझाक करीत राहिले. मग मोकाट बाजार आल्यावरही ते हात बांधून बसले. दोन्ही वेळा भरडला गेला तो चाकामागचा माणूसच.

हे सारे गोमंतकाला का सांगायचे? कारण मुंबईने निदान मीटर वापरले आणि आता ते टिकवण्याची तिची धडपड चालली आहे. आमच्याकडे मीटर लावण्यावरूनच वर्षानुवर्षे रण माजले आहे. इथे दर सरकारी अधिसूचनेत आहेत, पण रस्त्यावर क्वचितच दिसतात. न्यायालयाने कान उपटल्यावर २०२१ पासून डिजिटल मीटर बसवण्याचे काम सुरू झाले. गाडीत मीटर असणे आणि ते चालू असणे यांतले अंतर मात्र कायम राहिले. २०१८ साली 'गोवा माइल्स' आले तेव्हा संप झाले, २०२५ साली अॅप कंपन्यांसाठी नियमांचा मसुदा निघाला तेव्हाही टॅक्सीवाले रस्त्यावर आले. त्यांचे सगळेच म्हणणे खोटे नाही. चार महिन्यांच्या हंगामावर वर्षाचे हप्ते फेडायचे, खाजगी गाड्या बेकायदा भाड्याने फिरताना मुकाट्याने पाहायच्या, आणि बाहेरच्या कंपनीच्या टक्केवारीत आपला घास जाऊ द्यायचा, ही धास्ती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय मीटर नाकारणे हा नव्हे. परदेशी पर्यटकाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. चतुर्थीसाठी गावी येणारा चाकरमानी रात्री थिवी वा मडगाव स्थानकावर मुलाबाळांसह उतरतो, तेव्हा तोंडाला येईल तो आकडा त्याने का मोजावा?

आमच्या स्थानिक टॅक्सीबंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मीटर हा त्यांचा शत्रू नसून अखेरचा रक्षक आहे. आज त्यांनी शासनाचे माप झुगारले, तर उद्या कंपनीचे माप त्यांच्यावर लादले जाईल, आणि त्या मापाविरुद्ध मोर्चा न्यायला आल्तिनो वा पर्वरी उरणार नाही. शासनानेही केवळ अधिसूचना काढून हात झटकू नयेत. काळीपिवळी असो, पर्यटक टॅक्सी असो वा अॅपची गाडी, भाड्याचे सूत्र एकच आणि जाहीर असावे. इंधन महागताच ते ठराविक मुदतीत सुधारावे, म्हणजे चालकाला संप करावा लागणार नाही. कंपनीने प्रत्येक फेरीच्या पावतीवर आपला वाटा आणि चालकाचा वाटा वेगवेगळा छापावा. आणि मीटर न टाकणाऱ्यावर जेवढी कडक कारवाई, तेवढीच बेकायदा भाड्याने गाडी देणाऱ्यावरही व्हावी.

पद्मिनी गेली, जुन्या गाड्या जायच्याच. परंतु अनोळखी दोन माणसांमधला व्यवहार प्रामाणिक राहावा म्हणून समाजाने जे माप निर्माण केले, ते टॅक्सीवाल्याच्या जिभेवर असू नये आणि कंपनीच्या तिजोरीतही असू नये. ते सर्वांना दिसेल अशा जागी असावे, आणि त्याची किल्ली लोकांच्या हाती असावी.